छपाई खातं चालूच राहील

आमच्या संगणकावर डेस्कटॉप लगेच दिसतो. पंचाईत पुढे होते. कशावरही क्लिक करा, ते गोल फिरत बसतं. आत नाशिकचा संध्याकाळचा द्वारका चौक तुंबलेला असतो. गेमचा लाँचर, फोटो क्लाउडवर चढवणारं काहीतरी, मीटिंगचं ॲप, कधीच भंगारात गेलेल्या स्कॅनरचा मदतनीस, शिवाय या प्रत्येकाचे अपडेट शोधणारे हस्तक वेगळे. सगळ्यांनाच आधी निघायचंय.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यातच स्टार्टअपची, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची, यादी मिळते. पूर्वी त्यासाठी एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत शिरावं लागे. प्रत्येक नावापुढे त्याचा भार लिहिलेला: हाय, मीडियम, लो. ‘हाय’ दिसेल त्याला डिसेबल करायचं आणि चहा टाकायला उठायचं, असा माझा बेत. पण घरात प्रत्येक ‘हाय’चा वकील हजर!

‘‘आई, लाँचर बंद केलास तर गेम अपडेट कधी होणार?’’

अरे, डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, हवा तेव्हा तुझ्या हाताने उघड. त्यावर चिरंजीवांचं म्हणणं, डबल क्लिक करावं लागतं. या वयात एवढे कष्ट! मीटिंगच्या ॲपवर बोट ठेवलं तर आमचे हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, ‘‘राहू दे, ऑफिसचं आहे.’’ ते ऑफिस सोडून जमाना झाला.

स्कॅनरच्या मदतनिसाला मात्र कुणी वाली नव्हता. तो गेला.

मग सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे गुपचूप राबणारी मंडळी. इथे दिसेल ते बंद करत सुटलं तर आवाज किंवा इंटरनेटही जाऊ शकतं. म्हणून एमएसकॉन्फिगमध्ये आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करायची, घरची माणसं झाकली जातात आणि बाहेरून येऊन ठाण मांडलेली मंडळी उघडी पडतात. अपडेटवाल्या काही हस्तकांना मी सर्व्हिसेसच्या वेगळ्या खिडकीत जाऊन ‘डिलेड स्टार्ट’ दिला, म्हणजे बाकीची गर्दी ओसरल्यावर यायचं. सरळ ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘जरा थांबून या’ म्हटलेलं बरं पडतं. सासरी हे आपसूक शिकायला मिळतं.

एमएसकॉन्फिगमध्ये परत येऊन, ती खूण काढून सगळी यादी बघताना ‘प्रिंट स्पूलर’ दिसला. आमचा प्रिंटर बहुतेक दिवस रुमालाखाली असतो. मी नाव मोठ्याने वाचलं आणि मागून सासऱ्यांचा आवाज आला.

‘‘सूनबाई, हा काय करतो?’’

‘‘छपाईची कामं रांगेत लावतो, अण्णा. हा बंद तर प्रिंट बंद.’’

अण्णांची हयात नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली. ‘‘छपाई खातं कुणी बंद ठेवतं का?’’

‘‘लागेल तेव्हा सुरू करू की.’’

‘‘म्हणजे तोवर कामगार गेटवर बसवणार?’’

स्पूलर ऑटोमॅटिकच राहिला. तसाही तो फार खात नाही, पण हे मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांना जिंकल्याचा आनंद होता.

रीस्टार्ट केल्यावर ब्राउझर पहिल्या क्लिकला उघडला. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. संगणक सुरू झाला की पंचांग आपोआप उघडेल असं काही करता येतं का, म्हणाले. येतं, विंडोज आणि आर दाबून ‘शेल:स्टार्टअप’ लिहायचं आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये शॉर्टकट ठेवायचा.

‘‘मग ठेव,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणि हो, त्याला ते थांबून-या वगैरे नको.’’