नुसतं ‘तार खरवडा’ लिहून भागत नाही!

मुलांसाठीच्या विज्ञान-किटचा आणखी एक खोका उघडला आणि पुन्हा डोकं फिरलं. झाकणावर ढीगभर प्रयोगांचं आश्वासन, आत ठिसूळ प्लास्टिक आणि चतकोर माहितीपत्रक.

किटमधल्या छोट्या विजेच्या मोटरचंच घ्या. चुंबकाजवळ ठेवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी, सेलची वीज मिळाली की फिरते. पण या तारेवर इनॅमलचा, म्हणजे रोगणासारखा पातळ थर असतो, त्यातून वीज जात नाही. म्हणून गुंडाळीचं एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूनं. मग अर्ध्या फेरीत प्रवाह मिळतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत तुटतो, आणि गुंडाळी एकाच दिशेनं फिरत राहते. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर ती बहुधा नुसती थरथरून अडकते. अहो, सगळी गंमत त्या अर्ध्या बाजूत आहे! आणि पत्रकात काय? ‘तार खरवडा.’ बस्स. पोरगी जीव तोडून झटते, मोटर काही फिरत नाही, आणि ‘मला सायन्स जमतच नाही’ म्हणून उठून जाते. संताप होतो तो इथे. तिचं काहीही चुकलेलं नसतं!

हीच मोटर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी एक सेल, तार, सेफ्टी पिना, चुंबक आणि सायकलच्या ट्यूबचं रबर एवढ्यावर करून दाखवली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं अशी खेळणी बनवली, त्यांची कृती सगळ्यांना फुकट दिली.

मग पैसे घेऊन किट विकणाऱ्यांना कोणतं टोक किती खरवडायचं, एवढ्या दोन ओळी छापता येत नाहीत? आणि त्या मराठीत का नाहीत?