चार दिवस, १८०० रुपये आणि एकही पार्ट न बदललेली वॅगन आर

काका, नमस्कार.

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. चार दिवस तुम्हाला रिक्षाने फिरावं लागलं आणि आमच्या पोराने फोनवर "झाली की सांगतो" एवढं बोलून फोन ठेवला, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. त्याला समज दिली आहे. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "बॅटरीच्या साध्या प्रॉब्लेमसाठी चार दिवस गाडी अडकवून ठेवली, एकही पार्ट बदलला नाही आणि नुसत्या चेकिंगचे १८०० घेतले. लुबाडणूक." हा शेवटचा शब्द फार लागला. वडिलांनी सुरू केलेलं गॅरेज आहे, कुणाचा रुपया उगाच घेतलेला नाही. धायरी-नऱ्ह्याकडे नवीन राहायला आलेली माणसं गॅरेज शोधताना आधी हेच वाचतात, आणि माझ्यासह चार घरं या शटरवर चालतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

तुम्ही गाडी आणलीत मंगळवारी संध्याकाळी. २००८ ची वॅगन आर, तक्रार अशी की एक दिवस आड सकाळी सेल्फ घेत नाही, सोसायटीत धक्का मारावा लागतो. त्याआधी दुसरीकडे दोनदा बॅटरी बदलून झाली होती आणि अल्टरनेटरही उघडून झाला होता, हे तुम्हीच सांगितलंत. आणि मला म्हणालात, "सेल्फ गेलाय, नवीन टाकून द्या, संध्याकाळी गाडी नेतो." मी नाही म्हणालो. काका, त्या दिवशी हो म्हणालो असतो तर सेल्फचे पैसे मिळाले असते, मजुरी मिळाली असती, गाडी त्याच संध्याकाळी गेली असती आणि तुम्ही कदाचित पाच स्टारही दिले असते. दोन दिवसांनी पुन्हा धक्का मारावा लागला असता, ते वेगळं.

इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला तेव्हा १४.१ व्होल्ट दाखवत होता. साधारण १३.८ ते १४.४ मध्ये असेल तर चार्जिंग ठीक असतं. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरत होता आणि गाडी उभी असताना कुठेतरी ती रिकामी होत होती. गच्चीवरची टाकी रात्रीतून रिकामी व्हायला लागली तर आपण टाकी बदलत नाही, कुठला नळ गळतोय ते बघतो. तसंच हे.

आता तो 'नळ' शोधायला वेळ का लागतो ते सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर लावायचा, किल्ली बाहेर, सगळी दारं बंद, आणि वीसेक मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर वगैरे झोपल्यावर मग खरा आकडा दिसतो. तुमच्या जुन्या वॅगन आरसारख्या गाडीत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. तुमच्या गाडीत दिसला ६०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.६ अँपिअर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अशी गळत राहिली तर अडीच दिवसांत पूर्ण संपते, आणि सेल्फ मारायची ताकद त्याच्या आधीच जाते. "एक दिवस आड" या तुमच्या तक्रारीचं उत्तर याच आकड्यात होतं.

मीटर लावलेला असतानाच तुम्ही बुधवारी सकाळी आलात. गाडीतला चष्मा घ्यायला दार उघडलंत. तिथपर्यंत काही नाही, पुन्हा वीस मिनिटं थांबलो असतो. पण तुम्ही "बघू तरी चालू होते का" म्हणून किल्ली फिरवलीत. मी बॉनेटपाशी होतो, ओरडेपर्यंत वेळ निघून गेली होती. मीटर १० अँपिअरचा आणि सेल्फ ओढतो शंभराच्या वर. मीटरचा फ्यूज उडाला. मुलाला नाना पेठेत पाठवून तो मागवला, दुपार त्यात गेली. त्या फ्यूजचे पैसे मी बिलात लावले नाहीत आणि तुम्हाला तेव्हा बोललोही नाही, कारण तुम्ही मुद्दाम केलं नव्हतं. पण चार दिवस मोजताना तो अर्धा दिवसही माझ्याच खात्यावर टाकलात, म्हणून आज लिहावं लागतंय.

नवा फ्यूज टाकून पुन्हा सुरुवात केली. फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढायचा आणि मीटर बघायचा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाईनीत दोष. तुमच्या गाडीचे सगळे फ्यूज काढले, आकडा जागचा हलला नाही. याचा अर्थ करंट फ्यूज बॉक्सच्या बाहेरून जात होता. मी तुम्हाला फोन करून विचारलं, बाहेरून काही बसवलंय का? तुम्ही म्हणालात, "काही नाही, सगळं कंपनीचं आहे." मग ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट उचललं, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट घेतलेली लाल वायर शेजारच्या सीटखाली गेलेली. तिथे अँप्लिफायर. त्याला चालू-बंद करणारी निळी वायर म्युझिक सिस्टिमकडे न नेता त्याच लाल वायरीला पिळून वर टेप गुंडाळलेली होती, तीही उन्हाने चिकट होऊन सुटलेली. म्हणजे किल्ली काढा, गाणी बंद करा, अँप्लिफायर चोवीस तास चालूच. नंतर तुम्हाला आठवलं की तुमच्या मुलाने दिवाळीत बसवून घेतला होता. अहो, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर तासाभरात कार्पेट उचललं असतं. निळी वायर जागेवर नेली, जोड डाग देऊन पक्का केला, आकडा आला ३० मिलिअँपिअरवर. तो मीटरवर तुम्हाला दाखवलाही.

तेव्हा गाडी का दिली नाही, हा तुमचा खरा राग आहे. तुम्ही लिहिलंय, "गुरुवारी म्हणे लाईट नव्हती, कारणं सांगतात." गुरुवारी आपल्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय तिची ताकद तपासता येत नाही, आणि एवढी उतरलेली बॅटरी हळू चार्ज करायला दहा-बारा तास लागतात. चार्जर लाईटवर चालतो. घाईने जास्त अँपिअर सोडले तर बॅटरी तापते आणि आतल्या प्लेटा खराब होतात. तुमची बॅटरी जवळजवळ नवी होती, ती मला मारायची नव्हती.

शुक्रवारी बॅटरी भरली, १२.६ व्होल्ट. सेल्फ मारला, तरी इंजिन जड फिरत होतं. इथे बरेच जण सेल्फ उतरवतात. आम्ही सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या बॉडीवर धरलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. १.१ दिसला. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजली होती, खाली पांढरट-हिरवी भुकटी. पट्टी चांगली होती म्हणून तीच काढून घासली, बोल्टची जागा पत्रा चमकेपर्यंत साफ केली, आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. आकडा ०.२ च्या आत. मग रात्रभर गाडी उभी ठेवून शनिवारी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते का ते बघितलं आणि तुम्हाला फोन केला. रात्रभर उभी न ठेवता दिली असती तर दोष गेला हे मी कशाच्या जोरावर सांगणार होतो?

तर पार्ट एकही बदलला नाही हे खरं आहे. बदलायची गरज नव्हती. १८०० रुपये वायरमनचं काम, माझा वेळ, चार्जिंग आणि कार्पेट-सीट काढून बसवण्याचे आहेत, आणि बिलावर तसंच लिहिलंय. आधी दोन बॅटऱ्यांना किती गेले ते तुम्हीच मला सांगितलं होतंत, तो आकडा इथे लिहीत नाही. तुमच्याच रिव्ह्यूत एक ओळ आहे, "गाडी आता चालू होते, पण". त्या 'पण'च्या आधीचं काम आमचं आहे.

दुसरी गोष्ट. "गॅरेजमधून आणल्यावर केतकावळ्याला जाताना गाडी गरम झाली, काहीतरी बिघडवून ठेवलं." काका, जॉब कार्डची तुमच्याकडची प्रत बघा. खाली पेनाने लिहिलंय, "कूलंट गंजलेलं, रेडिएटर फॅन आपोआप लागत नाही, ग्राहकाला सांगितले." त्यापुढे तुमची सही आहे. तुम्ही म्हणालात, "ते राहू द्या, पुढच्या वेळी." फॅनला थेट बॅटरीवरून करंट दिल्यावर तो फिरला होता, म्हणजे मोटर ठीक आहे, रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच) किंवा टेंपरेचरचा सेन्सर बघावा लागेल. तुम्हीच लिहिलंय की बोगद्याच्या चढाला काही झालं नाही, काटा खेड शिवापूर टोलनाक्याच्या रांगेत वर गेला. वेगात असताना समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त फॅनचा आधार असतो. रांगेत गरम आणि पळताना थंड, हे फॅनचंच लक्षण. उलट पळतानाच गरम झाली असती तर रेडिएटर चोंदलाय किंवा थर्मोस्टॅट अडकलाय असं म्हटलं असतं. आणि एक विनंती, तुम्ही गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलात असं लिहिलंय. कृपा करून असं पुन्हा करू नका, आतलं पाणी उसळून तोंडावर येतं. एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या.

फोनचं म्हणाल तर आता रोज संध्याकाळी ज्यांच्या गाड्या आत आहेत त्यांना कळवायची काहीतरी व्यवस्था लावतो आहोत. जॉब कार्डवर "बाहेरून बसवलेल्या वस्तू" असा एक रकानाही छापून घेणार आहे.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. चार दिवस लागले, गैरसोय झाली, ते राहू द्या. पण 'लुबाडणूक' एवढा शब्द काढलात तर बरं वाटेल.

फॅनचं काम फार लांबवू नका, उन्हाळ्यात हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेली तर खर्च कितीतरी पटीने वाढेल. तपासणीचे पैसे घेणार नाही, रिले किंवा सेन्सर लागला तर त्याची किंमत आणि बसवायची मजुरी तेवढी. सकाळी गाडी थंड असताना आणा, म्हणजे काटा कुठे गेल्यावर फॅन लागतो ते तुमच्यासमोरच बघता येईल. फक्त गुरुवारी नको.