कमी जीपीए, मेडिकल स्कूल आणि ‘गाजर’

‘एक बाबा’ यांना नमस्कार.

कॉलेजचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.१ असला म्हणून अमेरिकेतल्या, पदवीनंतरच्या मेडिकल स्कूलचा दरवाजा बंद होत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : “मॅडम, तुम्ही पोरांना गाजर दाखवताय. माझ्या मुलाचा जीपीए ३.१ आहे. तुमचा लेख तो मला वाचून दाखवतो आणि म्हणतो, बाबा, अजून दोन वर्षं द्या. इथे ३.९ वाली मुलं रडतायत. आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत ज्याला सी मिळाला त्याच्याकडून मी तरी ऑपरेशन करून घेणार नाही.” पुढे डीओ (ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून झालेले डॉक्टर) म्हणजे दुय्यम डॉक्टर, स्पेशल मास्टर्स (मेडिकलच्या प्रवेशाला बळ म्हणून आधी करायचं मास्टर्स) म्हणजे पैसे उकळायचा धंदा, आणि ‘त्यापेक्षा महाराष्ट्रात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस काय वाईट’ हेही आहेच. राग समजू शकते, फी तुम्हीच भरताय. पण उत्तर द्यायलाच हवं, कारण तुमच्यासारखं बोलणारे आईवडील माझ्या ऑफिसात दर सेमिस्टरला येतात. (प्री-मेड ॲडव्हायझर, म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांची कॉलेजातली सल्लागार, म्हणून माझा पगार त्याचाच आहे.)

३.९ वाली मुलं रडतायत हे खरं आहे. एमडी कॉलेजांत (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रवेश मिळणाऱ्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.८ च्या जवळ आणि एमकॅट, म्हणजे प्रवेश परीक्षेचा स्कोअर, ५१२ च्या आसपास असतो. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त अर्ज येतात, जागा त्याच्या निम्म्याहून कमी. पण मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, दरवर्षी एक तक्ता फुकट प्रसिद्ध करते : एका बाजूला जीपीए, दुसऱ्या बाजूला एमकॅट, आणि प्रत्येक चौकटीत किती टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला तो आकडा. त्यातली ३.० ते ३.२ ची ओळ मुलाला समोर बसवून वाचा. एमकॅट ५०० च्या खाली असेल तर त्या चौकटींत नावाला आकडे आहेत. त्याच ओळीत ५१४ च्या पुढे सरकलात की आकडा कित्येक पटींनी वाढतो. त्या चौकटीत बसलेली मुलं मधल्या काळात काय करत होती, ते मात्र तक्ता सांगत नाही. मी पाहते ती मुलं बहुतेक वेळा कॉलेज संपल्यावर एक-दोन वर्षं राबून तिथे पोचलेली असतात.

आता हिशेब. तुमच्या प्रतिक्रियेतली खरी गोम इथे आहे आणि तुमचा मुलगाही बहुधा इथेच चुकतोय. चार वर्षांचे १२० क्रेडिट, सरासरी ३.० धरू. पदवीनंतर त्याने आणखी ३० क्रेडिट घेतले आणि सगळ्यांत ए, म्हणजे ४.०, काढला. नवी सरासरी किती? ३.२. वर्षभर घाम गाळून दोन दशांश! म्हणून ‘जीपीए वर आणायचाय’ असं कोणी म्हणालं की मी कॅलक्युलेटर पुढे सरकवते. सरासरी हलत नाही, ती विसरायची.

हलतो तो आलेखाचा उतार, म्हणजे वर्षागणिक ग्रेड चढतायत की घसरतायत ते. एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज, एएमसीएएस, फक्त एकच आकडा छापत नाही. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं आणि पदवीनंतरचे कोर्स यांचे जीपीए तो वेगवेगळ्या ओळींत देतो, शिवाय बायोलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्स यांचा, म्हणजे बीसीपीएमचा, निराळा. एका मुलाचे चार वर्षांचे आकडे २.५, २.९, ३.४, ३.७ असे आहेत आणि दुसऱ्याचे ३.७, ३.४, २.९, २.५ असे. क्रेडिट सारखेच असतील तर दोघांची सरासरी तीच, ३.१. तुमचा मुलगा यातला कोणता? तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत याचा उल्लेख नाही, आणि मला विचाराल तर बाकी सगळ्यापेक्षा हे आधी सांगायला हवं होतं.

जाता जाता, ‘सी मिळालेला विषय पुन्हा घेतला की जुना पुसला जातो’ असं सांगणारे काका अजून भेटतात. डीओच्या सामायिक अर्जात तशी सवलत होती, ती २०१७ मध्ये गेली. एमडीच्या अर्जात दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. त्यामुळे साधा सी पुन्हा घेण्यात वर्ष घालवण्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी असे वरचे विषय घेऊन त्यात ए काढलेला बरा. सी-मायनस किंवा डी असेल तर गोष्ट वेगळी. बरीच कॉलेजं आवश्यक विषयांत किमान सी मागतात, तिथे पुन्हा बसावंच लागतं.

ऑर्गॅनिकमधल्या सी बद्दल. माझ्याकडे एक मुलगी यायची, नावगाव सांगत नाही. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या) केमिस्ट्रीत पाचपैकी पाच मिळाले म्हणून घरच्यांनी हौसेने पहिल्या वर्षाची जनरल केमिस्ट्री वगळायला लावली. वयाच्या अठराव्या वर्षी, पहिल्याच सेमिस्टरला, ती थेट ऑर्गोच्या वर्गात. वर बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे बाकी कोर्स. सी, सी-प्लस, बी-मायनस अशी रांग लागली. आपल्या घरांत हे फार होतं. एक सेमिस्टर वाचवण्याच्या नादात मुलाचा पायाच कच्चा राहतो, आणि ग्रेड कायमची राहते ती वेगळीच. पदवीनंतर ती ॲम्ब्युलन्सवर ईएमटीची, म्हणजे तातडीचे उपचार करणाऱ्या मदतनिसाची, नोकरी करायची आणि संध्याकाळी सरकारी विद्यापीठात एकेक विषय घ्यायची. सगळीकडे ए. मग एमकॅट, मग अर्ज. मुलाखतीत तिला पहिला प्रश्न तोच आला, ‘पहिल्या वर्षी काय झालं?’ तिचं उत्तर आम्ही घासून घासून अगदी लहान केलं होतं : “मी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचे आणि त्यालाच अभ्यास समजायचे. आता आधी कोरा कागद घेऊन गणित सोडवते, अडले की मग पुस्तक उघडते.” प्रोफेसर वाईट होते, वेळ वाईट होती, यातलं काही नाही. पुढच्या प्रश्नाला त्यांनी ॲम्ब्युलन्सबद्दल विचारलं आणि उरलेला वेळ त्यातच गेला.

ती तुमचं ऑपरेशन करेपर्यंत तिच्यापुढे काय काय आहे तेही बघा. चार वर्षांचं मेडिकल स्कूल, यूएसएमएलईचे, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचे, टप्पे (त्यातला पहिला जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास), मग जनरल सर्जरीची पाच वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, त्यानंतर बोर्डाच्या परीक्षा. अठराव्या वर्षीचा सी या सगळ्या चाळण्यांतून गाळला जातो. ज्याच्या अभ्यासात खरंच खोट आहे तोही गाळला जातो, म्हणूनच तर कॉलेजं कमी जीपीएवाल्याकडून ताजा पुरावा मागतात.

डीओ दुय्यम नाही. हा गैरसमज आपल्याकडे का होतो ते कळतं. इतर बऱ्याच देशांत ऑस्टिओपॅथ म्हणजे डॉक्टर नसलेला, हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करणारा माणूस. अमेरिकेत तसं नाही. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं तेव्हाची गोष्ट निराळी होती. आज डीओला पन्नासही राज्यांत औषधं लिहिण्याचा आणि शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना मिळतो. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी संस्थाही एकच आहे. देशातल्या मेडिकलच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या विद्यार्थ्यांचं शिक्षण डीओ कॉलेजांत चाललंय. तिथला सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास, म्हणजे तेही काही खिरापत वाटत नाहीत. अडचणी आहेत. न्यूरोसर्जरी किंवा डर्मेटॉलॉजीचा रस्ता तिथून जास्त चढाचा आहे, तिकडे जायचं तर कोमलेक्ससोबत (डीओंची परवान्याची परीक्षा) बहुतेकांना यूएसएमएलईही द्यावी लागते, आणि अनेक कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसल्याने तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅगा उचलून गावोगाव फिरावं लागतं. तुमच्या मुलाला फॅमिली डॉक्टर किंवा इंटर्निस्ट (फिजिशियन) व्हायचं असेल तर यातलं फारसं काही आड येत नाही.

स्पेशल मास्टर्सच्या बाबतीत मात्र मी अर्धी तुमच्या बाजूची आहे. जॉर्जटाउन विद्यापीठासारख्या जुन्या प्रोग्रॅममध्ये विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय शिकतात. तिथे चांगली ग्रेड मिळाली तर त्याहून मोठा पुरावा नाही. पण वर्षाला हजारो डॉलर जातात, ती ग्रेड मास्टर्सची म्हणून वेगळी मोजली जाते, पदवीचा जीपीए जिथल्या तिथेच राहतो. आणि तिथे बी मिळाले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. हा शेवटचा पत्ता आहे, पहिल्या डावाला टाकायचा नाही. फी भरण्याआधी विचारायचं : तुमच्याच मेडिकल कॉलेजात गेल्या वर्षी यातले किती घेतले? मुलाखतीची हमी आहे का? असेल तर लेखी द्या. उत्तर गोलमोल आलं तर उठून यायचं. आता तर पैशाचा विचार जास्तच करायला हवा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी) कर्ज बंद, आणि मेडिकलसाठी केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. मास्टर्सवर उधळलेला पैसा पुढे मेडिकलला कमी पडेल.

एनआरआय कोट्याचं ऐकून मला थोडं हसू आलं, माफ करा. त्या जागांनाही ‘नीट’ परीक्षा द्यावीच लागते, आणि तीही अकरावी-बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी नव्याने घोटून. खर्चाचा आकडा तुम्हीच काढा. साडेपाच वर्षांनी मुलगा अमेरिकेत परत येणार तो परदेशातून शिकलेला डॉक्टर म्हणून. रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये, म्हणजे जागावाटपात, अलीकडे एमडीच्या शेवटच्या वर्षातले साधारण ९३ टक्के आणि डीओचे ९२ टक्के विद्यार्थी जागा मिळवतात. परदेशात शिकून आलेले अमेरिकन नागरिक दोनतृतीयांशांच्या आसपास. ज्या वाटेला तुम्ही दुय्यम म्हणालात ती सोडून तुम्ही मुलाला तिच्याहून मागच्या रांगेत उभं करताय. त्याला भारतातच डॉक्टरकी करायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

तो नागरिक आहे की एच-४ वर, हेही लिहिलेलं नाही. व्हिसावर असेल तर कॉलेजांची यादी फार आखूड होते, आणि वरचं बरंच काही नव्याने मांडावं लागेल.

राहिली ती दोन वर्षं. पदवी आणि मेडिकल यांमध्ये किमान एक वर्ष घेणारे विद्यार्थी आता दोनतृतीयांशाहून जास्त आहेत, त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न इथे लागू नाही. पण दोन वर्षं द्यायची की नाही, हे तो त्यांचं काय करणार यावर ठरवा. कोणते विषय, कुठे, किती क्रेडिट? एमकॅट कोणत्या महिन्यात? ती वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि जुने गुण लपत नाहीत. पेशंटजवळ उभं राहून करायचं कोणतं काम? यावर ‘बघू, लॅबमध्ये काम करीन’ असं उत्तर आलं, तर पाकीट बंद करा. तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलेन. ज्यांचा उतार सपाट आहे आणि दुसऱ्यांदा देऊनही एमकॅट हललेला नाही, अशांना मी स्वतः थांबायला सांगते, आणि ती माझ्या नोकरीतली सगळ्यात नावडती दुपार असते.

एक काम या शनिवारी करा. त्याला ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) घेऊन बसवा आणि शेवटच्या चार सेमिस्टरांचे बीसीपीएम विषय वेगळे काढून त्यांचाच जीपीए काढायला लावा. ३.५ च्या वर आला तर त्याने मला थेट ईमेल करावी, तारखांसकट आखणी करू. खाली आला तर आधी बायोकेमिस्ट्रीला नाव घालावं आणि ती ग्रेड हातात आल्यावर लिहावं. दोन्हीपैकी काहीही असो, यंदा सप्टेंबरात घाईघाईने अर्ज टाकू देऊ नका. अर्ज मे-जूनमध्ये सुरू होतात आणि ते येतील तशा जागा भरत जातात. ३.१ घेऊन उशिरा गेलात तर फीचे पैसे तर जातातच, वर पुढच्या वर्षी प्रत्येक कॉलेज विचारतं की गेल्या खेपेपासून काय बदललं.