पुणे–नागपूर विमान ‘४८ मिनिटांत’ का पोचत नाही

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: ‘पुणे–नागपूर ७२० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे प्रवास ४८ मिनिटांचा. तिकिटावर मात्र जवळपास दीड तास. कंपन्या वेळ फुगवतात. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून नागपूर पुढे पळतं आणि जाताना जास्त वेळ लागतो.’ यातला भागाकार तेवढा पूर्ण बरोबर आहे.

७२० हा रस्त्याचा आकडा. हवाई अंतर घरीच काढता येतं. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) आणि सोनेगाव (नागपूरचा) यांच्या अक्षांशांत २.५१ अंशांचा फरक आहे. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे २७९ किलोमीटर. रेखांशांत फरक ५.१३ अंश, पण रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात १०४.५ ने गुणायचं: ५३६. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की सुमारे ६०५ किलोमीटर, म्हणजे ३२७ सागरी मैल. (या हिशेबाने तर ४० मिनिटांतच पोचायला हवं!)

खरी गोम वेगात आहे. १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ला ३५,००० फुटांवर जायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात जवळपास २०० किलोमीटर सरतात. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे १०५ मैल, पुन्हा सुमारे १९५ किलोमीटर. मधे उरतात जेमतेम २१०, आणि तिथेही वेग ८३०च्या आसपास. ते १५ मिनिटांत संपतात. उतरणं आणि धावपट्टीच्या रेषेत येणं यांना २५ मिनिटं धरली, तर हवेतच तास होतो.

तिकिटावरची वेळ तर हवेतली नसतेच. विमान जागेवरून हललं तिथपासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ विमानांची ये-जा सुरू असली की प्रवासी विमान खोळंबतं. वारा पश्चिमेचा असेल तर उड्डाणही पश्चिमेकडे, मग वळसा घालून पूर्वेला. राखीव मिनिटं कंपन्या धरतात, हा आरोप मात्र खरा आहे: वेळापत्रक पाळल्याचं दिसावं म्हणून. पण ती पाच-दहा मिनिटं असतात, चाळीस नव्हेत.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा सोडूनच द्या. हवाही तिच्याबरोबर फिरते. फरक पडतो वाऱ्याने. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा नागपूरला जाताना उलट वेळ वाचतो. पावसाळ्यात त्या उंचीवर वारा पूर्वेचा होतो आणि गणित फिरतं. ५० नॉटचा वारा धरला तरी मधल्या टप्प्यात जाता-येता फरक तीनेक मिनिटांचा.

पडताळा हवा असेल तर पुणे–दिल्ली बघा. अंतर सुमारे १,१५० किलोमीटर, जवळपास दुप्पट. पण तिकिटावरची वेळ साधारण सव्वादोन तास, तीन तास नाही. वाढलेले ५४५ किलोमीटर पूर्ण वेगाने, चाळीसेक मिनिटांत कापले जातात. चढण्या-उतरण्याचा वेळ दोन्हीकडे तेवढाच.