‘हौशी बाई’चं उत्तर (जरा लांबलंय)

‘एक अनुभवी पालक’, मी चालवते त्या लहान मुलांच्या खेळवर्गाबद्दलची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगते, झोप उडाली. "हौशी बाईंनी दोन वर्षांच्या मुलांना राजमा चाळायला बसवून त्याला शिक्षण म्हणू नये, हे तर घरी फुकटात होतं." मुद्दा मांडा ना, पण ‘हौशी बाई’ कशाला? माझं नाव वर लिहिलेलं आहे, तुमचं मात्र कुठेच नाही.

राजम्याचं मान्य. तीन वर्षांखालचं मूल दाणा नाकात नाहीतर तोंडात घालणारच. आता परातीत मुठीएवढे लाकडी चेंडू ठेवलेत. चूक माझी, झालं?

पण "घरी फुकटात होतं"? कोणाच्या घरी हो? इथे बडोद्यात दांडिया बाजारच्या वाड्यात मी आजीच्या मागे तपेली घेऊन बसायचे, पाणी सांडलं की ती न बोलता पोतेरं पुढे सरकवायची. आता फ्लॅटमध्ये पाणी सांडलं की आधी "अरे अरे" आणि मग हातात मोबाईल. दीड-दोन वर्षांचं मूल भांडं भरतं, ओततं, परत भरतं, आपल्याला वाटतं नुसता पसारा, पण पेल्यातलं पाणी वाटीतून बाहेर का येतं, हळू ओतलं तर काय होतं, मनगट किती वळवायचं, हे सगळं त्याच्या हाताला कळत असतं, आणि तेच मनगट, तीच चिमूट उद्या पेन्सिल धरणार असते.

आमच्याकडे एक मुलगी तीन आठवडे फक्त नरसाळं आणि बाटली घेऊन बसायची. बाटली भरली तरी ओतायची, पाणी वरून वाहायचं, ही बघत राहायची. एक दिवस पाणी गळ्यापर्यंत आलं आणि पठ्ठीने स्वतःच हात थांबवला! तीन आठवडे मी "बस कर" म्हणाले नाही. माझं शिकवणं ते एवढंच, आणि हो, फी त्याचीच घेते.

बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक राजकोटची नोकरी सोडून तिकडे त्यांच्यासोबत काम करायला गेल्या, पुढे 1945 मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी शिंपले, बिया, दगड हीच साधनं केली. त्यापण हौशीच का? मी स्वतः इथे एम. एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्सला ह्युमन डेव्हलपमेंट, म्हणजे माणसाची वाढ आणि विकास, शिकले, मुलांच्या निरीक्षणाच्या वह्या भरभरून बोटं दुखायची, त्यानंतर सतरा वर्षं हेच काम. दोन मुलगे असेच पाण्यात खेळून मोठे झाले, एक इंजिनिअर आहे. तुमचा अनुभव कुठला, ते काही तुम्ही लिहिलं नाहीत.

बाकी दहा मुलांमागे एक ताई आणि एक मावशी कशी पुरते, एबीसीडी कधी, पावसाळ्यात सर्दीचं काय, वगैरे वगैरे, सगळ्याची उत्तरं इथे टाइप करत बसायला मला वेळ नाही. एकदा येऊन बघा. सकाळी साडेनऊला पाण्याचा खेळ असतो, कपडे जुनेच घाला, आणि दारात नाव सांगा म्हणजे झालं.