ड्युटी लावणारा

कुठल्याही संस्थेत दोन माणसांवर लोकांचा डूख असतो. एक बिलं पास करणारा आणि दुसरा ड्युट्या लावणारा. पहिल्याचा निदान धाक तरी असतो. दुसऱ्याला धाक नाही, मान नाही. त्याला फक्त फोन येतात, तेही रात्री अकरानंतर. मी तो दुसरा. ग्राहक मदत कक्षातल्या पंचेचाळीस जणांना सकाळ, दुपार, रात्र आणि साप्ताहिक सुट्टी वाटून द्यायची, हे माझं काम. यात ज्याला जे मिळतं ते त्याला नको असतं, आणि जे हवं असतं ते आधीच शेजारच्याला गेलेलं असतं.

वर्षानुवर्षं हे मी एका मोठ्या आखीव कागदावर पेन्सिलीनं केलं. पेनानं ड्युटी लावणं म्हणजे शुद्ध उद्दामपणा. खोडरबर झिजायचं, कागद मध्ये मध्ये पारदर्शक व्हायचा, पण चार्ट उभा राहायचा. मग वरच्या मजल्यावर कुणाला तरी साक्षात्कार झाला की मनुष्यबळाचं व्यवस्थापन आता प्रणालीवर, म्हणजे संगणकावर, गेलं पाहिजे. प्रणालीच्या आधी एक सल्लागार आला. तरुण, हसतमुख, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी.

"सर, रोस्टर बनवायची तुमची सध्याची प्रोसेस काय आहे?" त्यानं विचारलं.

मी त्याला खोडरबर दाखवलं.

त्यानं ते नोंदवून घेतलं, खरंच नोंदवून घेतलं. मग म्हणाला, "पंचेचाळीस माणसं, तीस दिवस, रोज चार पर्याय. म्हणजे एकूण किती चार्ट होऊ शकतात माहितीये? १ वर ८१२ शून्यं. त्याहूनही जास्तच." सबंध दृश्य विश्वातले अणू मोजले तरी अंदाज १ वर ८० शून्यांच्या आसपास थांबतो, असंही त्यानं सांगितलं. दवाखान्यातल्या परिचारिकांच्या पाळ्या लावण्याचा प्रश्न म्हणे गणितज्ञांमध्ये अवघड कोडं म्हणून नावाजलेला आहे आणि भलेभले संगणक त्यापुढे घाम गाळतात. हे सगळं ऐकून मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, की माझा पगार कमी आहे.

पण खरी मजा साहेबांच्या केबिनमध्ये झाली. साहेबांचा हिशेब तोंडी असतो आणि म्हणूनच तो मोडून काढणं कठीण.

"दुपारी गर्दीच्या वेळी अर्ध्या तासात फोन किती येतात?"

"शंभर."

"एका फोनला वेळ किती?"

"सरासरी तीन मिनिटं."

"झाली तीनशे मिनिटं. एक माणूस अर्ध्या तासात तीस मिनिटं देतो. म्हणजे दहा माणसांचं काम. मग दुपारच्या पाळीला वीस जण कशाला पोसतोय आपण?"

मी इतकी वर्षं या प्रश्नाला "लागतात साहेब" एवढंच उत्तर देत आलो होतो. सल्लागारानं मात्र लॅपटॉप उघडला आणि कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाला मध्ये आणलं. या गृहस्थानं १९०९ मध्ये दाखवून दिलं की फोन रांगेत शिस्तीनं येत नाहीत, ते लहरीनं येतात. आणि १९१७ मध्ये त्या लहरीला किती माणसं लागतील याची सूत्रंही मांडली. शंभर वर्षं उलटली तरी फोन घेणाऱ्या जगभरच्या खोल्या त्याच सूत्रांवर चालतात.

"सर, बरोब्बर दहा माणसं बसवली, तर रांग कधी संपतच नाही, ती वाढत जाते," सल्लागार म्हणाला. "८० टक्के फोन २० सेकंदांच्या आत उचलायचे असतील, तर तेरा माणसंसुद्धा केसभर कमी पडतात. चौदा लागतात."

"म्हणजे चार जणांनी नुसतं बसून राहायचं?"

"चार जणांनी नाही सर. चौदाही जणांनी थोडं थोडं बसायचं."

साहेबांना बसलेला माणूस दिसला की पोटात दुखतं. ते पाणी प्यायले. मग सल्लागारानं उरलेलं सांगितलं: सुट्ट्या, आजारपणं, ट्रेनिंग, मीटिंगा, ब्रेक यांत ३० टक्के वेळ जातो असं धरलं, तर खुर्चीवर चौदा दिसायला पटावर वीस हवेत.

"म्हणजे पटावर वीस, खुर्चीवर चौदा आणि काम दहा जणांचं," साहेब हळूहळू म्हणाले. "आणि हे सांगायला आपण तुम्हाला पैसे दिले."

माझ्या मनात त्या एर्लांगसाहेबांबद्दल फार आदर निर्माण झाला. जे मी "लागतात साहेब" या दोन शब्दांत सांगत होतो, तेच त्यांनी सूत्रात सांगितलं होतं. फरक इतकाच, की सूत्रावर कुणी डाफरत नाही.

प्रणाली आली ती बोट घेऊन. दाराशी बोटाचा ठसा घेणारं एक काळं यंत्र बसलं. हजेरी यंत्राचा इतिहास मला या निमित्तानं कळला: न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्यानं १८८८ मध्ये हे घड्याळ शोधलं. प्रत्येक कामगाराला स्वतःची चावी. चावी घातली की कागदावर नंबर आणि वेळ छापली जाई. बंडी बंधूंची ती कंपनी पुढे एकात एक मिसळत जाऊन जी कंपनी झाली तिला आज आयबीएम म्हणतात. म्हणजे संगणकाच्या जगातल्या एवढ्या मोठ्या नावाच्या मुळाशी बघायला गेलं, तर कुणीतरी कामावर उशिरा आलेला माणूस उभा आहे. आमच्या कक्षात अशी संपत्ती भरपूर आहे, तिचं कुणाला काही नाही.

चावी दोस्ताच्या हाती देता येते, बोट देता येत नाही, म्हणून हल्ली बोट. पण आमच्या सर्वांत ज्येष्ठ बाईंचं बोट यंत्राला ओळखूच येत नाही. वयानं ठसे झिजतात, त्वचा कोरडी पडते, सेन्सर दाद देत नाही. बाई आधी बोट रुमालाला पुसतात. यंत्र म्हणतं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मग त्या बोटावर फुंकर घालतात, तळहातावर घासतात, थोडं तिरकं करून टेकवतात. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मागे रांग लागते. शेवटी बाई काचेजवळ तोंड नेऊन समजुतीच्या सुरात म्हणतात, "अरे बाबा, मीच आहे." आयुष्यात एकदाही उशीर न झालेल्या या बाई प्रणालीत रोज उशिरा येतात.

ज्यांना उशीर करायचाच असतो, त्यांचं मात्र यंत्राशी झकास जुळलं. प्रणाली वेळ जवळच्या पाव तासाला नेऊन ठेवते. सात मिनिटं उशीर झाला तर शून्य धरते, आठवं मिनिट लागलं की पंधरा. हे कळायला लोकांना आठवडाही लागला नाही. आता सातव्या मिनिटापर्यंत माणसं जिन्यावरून अक्षरशः धावत येतात. आठव्या मिनिटाला पोहोचलेला माणूस मात्र यंत्राकडे बघतो, घड्याळाकडे बघतो आणि शांतपणे माघारी वळतो. कारण आठव्याला जे कापलं जातं तेच बाविसाव्याला, मग मधली चौदा मिनिटं कंपनीला फुकट कशाला द्या! वक्तशीरपणा वाढावा म्हणून आणलेल्या यंत्रानं बाविसाव्या मिनिटाचा वक्तशीरपणा मात्र कमालीचा वाढवला.

मग प्रणालीनं पहिला चार्ट काढला. काही सेकंदांत. रंगीत. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांची विश्रांती, युरोपीय संघाच्या नियमात आहे तितकीच, कसोशीनं पाळलेली. सुट्ट्या सगळ्यांना सारख्या, रात्रपाळ्याही सारख्या. सल्लागार खूश, साहेब खूश. आणि संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाशी पंचेचाळीसपैकी बहुतेक जण उभे.

एक तर पाळ्या उलट्या फिरत होत्या: आधी रात्र, मग दुपार, मग सकाळ. माणसाच्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे पाळी पुढे सरकवलेली झेपते, मागे ओढलेली झेपत नाही. मध्ये दिलेली सुट्टी नियमात बसत होती, पण ती सबंध झोपेतच जात होती. हे दुरुस्त करता आलं. एक खूण करायची राहिली होती, ती केली.

बाकीचं कुठल्या खुणेत बसत नव्हतं. प्रणालीनं सगळ्यांकडून अडचणींचा फॉर्म भरून घेतला होता. कारणाच्या रकान्यात तीन पर्याय: वैद्यकीय, शैक्षणिक, वैयक्तिक. आता दोन माणसं खुर्चीच्या उंचीवरून झालेल्या भांडणापासून एकमेकांशी बोलत नाहीत आणि पाच जणांच्या रात्रपाळीत दोघं अबोल म्हणजे उरलेले तिघं निरोप्ये, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? एकाला रात्रपाळी हवी असते, कारण सासुरवाडीचे लोक घरी मुक्कामाला आहेत. ते गेले की त्याला दिवसपाळी हवी. ते कधी जाणार हे त्यालाही ठाऊक नाही. आणि एक जण आहे, त्यानं फॉर्म कोराच दिला. त्याच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. हे त्यानं मला एकदा लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये सांगितलं होतं, आणि "कुणाला सांगू नका" म्हणाला होता. तेव्हापासून त्या तीन दिवशी त्याला सकाळ लागत नाही. का लागत नाही, हे कुणी मला विचारलेलं नाही आणि मी प्रणालीलाही सांगणार नाही.

तेव्हा आता व्यवस्था अशी आहे: प्रणाली चार्ट काढते. मी तो छापतो, संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसतो, आणि जुळलेला चार्ट दुसऱ्या दिवशी प्रणालीत एकेक चौकट करून भरतो. वर अहवाल जातो तो प्रणालीच्या कार्यक्षमतेचा. आधी एक काम होतं, आता तीन आहेत.

फोनवरच्या वेळेचं थोडक्यात सांगतो. टेलर नावाच्या इंजिनिअरनं अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात घड्याळ लावून ठरवलं होतं, की फावड्यात २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल असला की दिवसभरात सगळ्यात जास्त काम होतं. फावड्याचं ठीक आहे. कोळसा फावड्याला "आधी माझं ऐकून घ्या" म्हणत नाही. आमच्याकडे तीन मिनिटांवर गेलेला फोन पडद्यावर लाल व्हायला लागला, तसे लोक पावणेतीन मिनिटांना "अजून काही मदत?" म्हणून मोकळे होऊ लागले. सरासरी झकास खाली आली. तीच माणसं पुन्हा फोन करू लागल्यामुळे फोनांची संख्या वाढली. प्रणालीनं त्यावरून निष्कर्ष काढला, की माणसं कमी पडतायत. आता कुणी एर्लांगचं नाव काढलं तरी साहेब केबिनबाहेर जायला सांगतात.

या सगळ्यातून जरा बाहेर पडावं म्हणून परवा मी स्वतःसाठी रजा टाकली. प्रणालीनं अर्ज मंजुरीसाठी मंजुरी अधिकाऱ्याकडे पाठवला, म्हणजे माझ्याकडे. मी मंजूर केला. "स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही," म्हणून तो साहेबांकडे गेला. साहेब रजेवर. त्यांच्या गैरहजेरीत त्यांचे अधिकार कुणाकडे, तर माझ्याकडे. तो परत आला, मी परत मंजूर केला, तो परत वर गेला. शेवटी मदत विभागाकडे रीतसर तक्रार नोंदवली. दहा मिनिटांत उत्तर आलं: "आपली तक्रार नोंदवली आहे. आपल्या विभागाच्या रजेविषयीच्या तक्रारींसाठी कृपया खालील व्यक्तीशी संपर्क साधावा." खाली माझं नाव होतं, आणि पुढे कंसात: सध्या उपलब्ध.