चारशेचे दोनशेवीस

आमचे काका घासाघीस करतात ती पैसे वाचवायला नव्हे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे असावेत तेवढे पैसे त्यांच्याकडे आहेत, आणि तेही नीट ठेवलेले. पण समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मान्य करणं त्यांच्या तत्त्वातच बसत नाही. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या त्यांना लांबूनच ओळखतात आणि ते पोचायच्या आत मेथीची जुडी पाच रुपयांनी महाग करून ठेवतात. मग काका ती पाच रुपयांनी उतरवतात आणि दोन्ही पक्ष समाधानानं आपापल्या कामाला लागतात.

या माणसाला बँकॉक दाखवायची कल्पना माझ्या चुलतभावाची. त्यानं तिकिटं काढली, प्रतुनाममध्ये हॉटेल घेतलं आणि ऐन वेळी ‘ऑफिसातून रजा मिळत नाहीये रे’ म्हणत आईबाप माझ्या हवाली केले.

निघायच्या आधी काकांच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परदेशी टॅक्सीवाल्यांच्या सुरस कथांना ऊत आला होता. इस्तंबूलला मोठी नोट दिली की ड्रायव्हरच्या बोटांमधून जाता जाता ती छोटी होते आणि ‘तुम्ही हीच दिलीत’ म्हणून तो ती परत दाखवतो. व्हिएतनाममध्ये वीस हजारांची नोटही निळी आणि पाच लाखांचीही निळी, त्यामुळे रात्री टॅक्सीत पाकीट उघडताना आधी शून्यं मोजायची. सगळ्यात भारी गोष्ट प्रागची, आणि ती खरी आहे. २००५ साली तिथले महापौर पावेल बेम खोटी दाढीमिशी लावून, इटालियन पर्यटकाचं सोंग घेऊन टॅक्सीत बसले आणि त्यांच्याच शहरातल्या टॅक्सीवाल्यानं त्यांच्याकडून कित्येक पट भाडं वसूल केलं. मी हे काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “महापौराला घासाघीस येत नसणार.”

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. काका एकदम निश्चिंत झाले. नाव संस्कृत आहे म्हणजे माणसं आपलीच, असा त्यांचा हिशेब. आतल्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या कव्हरातलं दरपत्रक नाचवत एक गृहस्थ पुढे आले आणि ‘सिटी? वन थाउजंड’ म्हणाले. काकांचे डोळे लकाकले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे आता अर्धा तास तरी जाणार हे मी ओळखलं. मी त्यांना दंडाला धरून तळमजल्यावर नेलं. तिथे अधिकृत मीटर टॅक्सीची यंत्रं आहेत. बटण दाबलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर आकडा असतो आणि त्या आकड्याखाली तुमची टॅक्सी उभी असते.

“बोलायचं कुणाशीच नाही?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“मग त्याला कळणार कसं, आपल्याला भाव माहितीये ते?”

आपल्याला भाव माहीत नव्हता, पण तो मुद्दा मी काढला नाही. चिठ्ठी काकूंनी घेतली. ती ड्रायव्हरनं मागितली तरी द्यायची नसते. त्यावर गाडीचा नंबर असतो आणि तक्रार करायची वेळ आली तर हाताशी तेवढाच कागद असतो. काकूंनी ती पर्समध्ये रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी ठेवून दिली. ही झेरॉक्स बँकॉकमध्ये कशाला, हे विचारण्याइतकी आमच्या घरात कुणाची छाती नाही.

गाडीत बसल्याबरोबर मीटरवर ३५ चा आकडा पेटला. काका पुढच्या सीटवर बसून त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. हा त्यांच्यासाठी नवाच अनुभव होता. डोंबिवलीत रिक्षाचा मीटर देव्हाऱ्यातल्या टाकासारखा असतो: आहे, दिसतो, पण त्याला कुणी काम सांगत नाही. तिथे एक तर शेअरची रांग किंवा तोंडी बोलणी. इथे आकडा आपला आपण दोन-दोन बाटनं चढत होता आणि काकांना त्यात कुठेच शिरता येत नव्हतं. मग त्यांनी अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, सुरू केली. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, साडेतीनची औटकी सगळं घोकून घेतलेलं. इतकी वर्षं अडगळीत पडलेलं ते ज्ञान बाटाचे रुपये करायला एकदम वर आलं. मी मोबाईलवर दर बघून ‘हल्ली अडीचपेक्षा जास्त आहे’ म्हटलं तर म्हणाले, “वरची चिल्लर सोड.” बँकेत यांनी लोकांची खाती कशी सांभाळली असतील देव जाणे.

उतरताना मीटरपेक्षा पन्नास बाट जास्त मागितल्यावर मात्र काका उसळले. ते पन्नास विमानतळाचे, अधिकृत आहेत. एक्स्प्रेस वेचा टोलही प्रवाशानंच द्यायचा असतो, तो नाक्यावर मी आधीच दिला होता. काकांचं म्हणणं, अधिकृत आहेत हे कुणी ठरवलं? काकू म्हणाल्या, “अहो, तिथं एवढ्या मोठ्या पाटीवर लिहिलं होतं. तुम्ही तेव्हा त्या हजारवाल्याकडे वळून वळून बघत होतात.”

तर बँकॉकची गंमत अशी आहे, आणि ती माझ्या पुढच्याच दिवशी ध्यानात आली. तिथल्या टॅक्सीवाल्याला तुम्हाला लांबच्या रस्त्यानं फिरवायची किंवा मीटरमध्ये काही भानगड करायची फारशी गरजच पडत नाही. तो फक्त मीटर टाकत नाही. कायद्यानं मीटर टाकणं त्याला बंधनकारक आहे. लहान गाडीचा मीटर ३५ बाटला सुरू होतो, मोठीचा ४० ला, आणि शहरातल्या शहरात बऱ्याचदा शंभर-दीडशेत काम होतं. पण राजवाड्याबाहेर किंवा मोठ्या मॉलच्या दारात उभा असलेला टॅक्सीवाला काच खाली करतो, कपाळाला आठ्या घालून ‘ट्रॅफिक!’ म्हणतो आणि बोटं दाखवतो: चारशे. युरोपातला माणूस चारशे देऊन बसतो. आपला माणूस बसत नाही. तो हसतो, मान हलवतो, चार पावलं जातो, परत येतो, अडीचशेवर आणतो आणि मिशीला पीळ देत मागच्या सीटवर बसतो. ज्या अंतराला मीटरनं नव्वद झाले असते तिथे ड्रायव्हरला अडीचशे मिळाले. तो काय तुमच्यावर रागावेल? ‘किती घेणार?’ हा प्रश्न एकदा तोंडातून गेला की मीटर संपला. म्हणजे घासाघीस हा आपला बचाव नाहीच, तोच त्याचा गल्ला आहे. आणि हे मी कुणाला समजावत होतो, तर काकांना.

टॅक्सीवाल्याची बाजूही आहे, नाही असं नाही. पुष्कळांची गाडी स्वतःची नसते. पाळीच्या भाड्यानं घेतलेली असते, गॅस स्वतःचा, आणि बँकॉकच्या संध्याकाळच्या कोंडीत मीटर जवळजवळ झोपलेला असतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मीटर आले तेव्हाही सुरुवात ३५ बाटनंच होत होती. पुढे किलोमीटरचे दर वाढले, पण तो पहिला आकडा तसाच. हे सांगितल्यावर काका पहिल्यांदाच हळहळले. “आमच्या बेसिक पेन्शनसारखंच की,” म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, आता यांचं मनपरिवर्तन झालं. तसं काही नव्हतं, भूक लागली होती.

ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपचा उपाय मी आधीच सुचवून पाहिला होता. ॲपवर भाडं बसायच्या आधीच दिसतं, पत्ता सांगायला थाई लागत नाही, वाद घालायला जागा राहत नाही. हीच काकांची मुख्य हरकत. शिवाय पाऊस आला की ॲपवरचा आकडा डोळ्यांदेखत फुगतो. “बघ,” काका म्हणाले, “यंत्रसुद्धा लबाडच. आणि माणूस निदान लाजतो.”

राजवाड्याच्या कोपऱ्यावर आम्हाला न लाजणारा माणूस भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, बोलणं इतकं मऊ की बँकेत असता तर एफडी गोळा करायला पाठवला असता. म्हणाला, आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारी एकला उघडेल, तोवर हा तुकतुक तुम्हाला तीन मंदिरं दाखवेल, फक्त वीस बाट. तीन माणसं, तीन मंदिरं, वीस बाट. यात तुकतुकचं इंधनसुद्धा निघत नाही, त्यामुळे दुसऱ्या मंदिराआधी रत्नांचं दुकान आणि तिसऱ्याआधी सूट शिवणारा टेलर लागतो, आणि तिथून त्याला कमिशन सुटतं. जगातल्या प्रत्येक गाइडबुकात ही युक्ती छापलेली आहे, तरी ती चालते. काकांनी वीस बाट ऐकले आणि सवयीनं म्हणाले, “टेन.”

तेवढ्यात काकूंनी छत्रीच्या टोकानं समोर दाखवलं. टोप्या घातलेल्या चिनी पर्यटकांचा एक लांबच लांब घोळका झेंड्यामागून दारातून आत जात होता. “बंद आहे तर हे काय चुना लावायला चाललेत?” राजवाडा एरवी रोज साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीटखिडकी बंद होते. इस्त्रीवाला गृहस्थ अजिबात वरमला नाही. त्यानं आम्हाला नमस्कार केला आणि मागून येणाऱ्या जोडप्याकडे वळला.

खरी लढाई झाली ती राजवाडा बघून बाहेर पडल्यावर. ऊन असं की काकांच्या रुमालाला चार कोपरे उरले नव्हते. दाराबाहेर टॅक्सींची रांग. पहिल्या टॅक्सीचा ड्रायव्हर दार उघडं टाकून, चप्पल काढून, एक पाय डॅशबोर्डवर ठेवून बसला होता. प्रतुनाम म्हटल्यावर त्यानं पाय न काढता सांगितलं, “फोर हंड्रेड.”

काकांनी रुमाल खिशात घातला.

त्यानंतर जे झालं ते मी नुसतं बघावं असंच होतं. काका “हंड्रेड” म्हणाले. ड्रायव्हर हसला. काकाही हसले. ड्रायव्हरनं आकाशाकडे बोट केलं, म्हणजे ऊन. काकांनी स्वतःच्या केसांकडे बोट केलं, म्हणजे ज्येष्ठ नागरिक. साडेतीनशे झाले. काका पाठ फिरवून निघाले, पण इतक्या हळू की परत बोलवायला कुणालाही सवड मिळावी. तीनशे. मग काकांनी पाकीट उघडून त्यातली शंभराची एकुलती एक नोट दाखवली. बाकीच्या नोटा त्यांनी बनियनच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या. दोनशेऐंशी. इथे ड्रायव्हरनं पाय डॅशबोर्डवरून खाली घेतला आणि मला जाणवलं की त्यालाही आता मजा येते आहे. अडीचशेवर दोघं बराच वेळ अडले. शेजारचे दोन ड्रायव्हर बघायला आले. शेवटी “टू ट्वेंटी, लास्ट” म्हणत त्यानं टॅक्सीच्या टपावर थाप मारली आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सगळ्या खानदानानं ते लक्षात ठेवावं.

काकू तिथे नव्हत्या.

त्या पुढे मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेल्या होत्या. उभ्या टॅक्सीपेक्षा चालती टॅक्सी बरी, हे त्यांनी कालच एका दुकानदारीणबाईकडून खाणाखुणांनी काढून घेतलं होतं. काचेत लाल दिवा लावलेली, म्हणजे रिकामी, एक गुलाबी टॅक्सी आली. काकूंनी हात केला, दार उघडलं, वाकून “मीटर?” एवढंच विचारलं. ड्रायव्हरनं मान हलवली, नाही. काकूंनी “थँक्यू” म्हणून दार लावलं. दुसरी आली. हिरवी-पिवळी. तीच कृती. ड्रायव्हरनं मीटरवर बोट ठेवलं. काकू आत बसल्या, हॉटेलचं थाई अक्षरातलं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि आम्हाला हाक मारली.

“अगं, माझं ठरलंय इकडे!” काका ओरडले.

“ठरू दे. या तुम्ही.”

काकांनी त्या चप्पलवाल्याची जवळजवळ क्षमा मागितली. तो काही नाराज दिसला नाही. उलट त्यानं काकांशी हात मिळवला, मला वाटतं बरोबरीच्या खेळाडूशी मिळवतात तसा. वाटेत मीटर रखडत रखडत चढत होता. एका सिग्नलला तर इतका वेळ थांबलो की काकांची अडीचकी संपून औटकी सुरू झाली. प्रतुनामला उतरलो तेव्हा मीटर ९३. काकूंनी आदल्या रात्री सेव्हन-इलेव्हनमधून पाण्याची बाटली घेऊन हजारची नोट मोडून ठेवली होती. टॅक्सीत ‘सुट्टे नाहीत’ हे ऐकायलाच नको म्हणून. त्यांनी शंभर दिले, वरचे सात राहू द्या म्हणून खूण केली. त्या सातावरून काका लिफ्टमध्ये शिरेपर्यंत बोलत होते.

रात्री डोंबिवलीहून मित्राचा फोन आला. काका गॅलरीत उभे राहून मोठ्यानं बोलत होते. परदेशातून बोलताना आवाज चढवावा लागतो असं ते अजून मानतात. “अरे, लुटतात म्हणजे काय, सरळ चारशे! मी म्हटलं, मी डोंबिवलीचा आहे. चारशेचे दोनशेवीस केले, भर उन्हात. एकशेऐंशी बाट वाचवले, म्हणजे अडीचकीनं साडेचारशे रुपये!”

काकू आतून उशीचे अभ्रे झटकत म्हणाल्या, “अहो, त्या टॅक्सीत आपण बसलोच नाही, तेही सांगा त्यांना.”

काकांनी फोनवर तळहात ठेवला. “तो वेगळा विषय आहे,” म्हणाले, आणि पुन्हा चारशेपासून सुरू झाले.